मेसेज नऊला, फवारणी सातला

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती सुरू होते. पान रात्रभर ओलं राहिलं का, औषध मारायचं की थांबायचं, हे ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं.

आमच्या गटाने बागेत हवामान केंद्र बसवलं. तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा, सगळं तासातासाला नोंदलं जायचं, आणि त्यावरून रोगाच्या अंदाजाचा मेसेज सगळ्यांना जायचा. हंगाम संपल्यावर नोंदींचा आकडा आम्ही अहवालात अभिमानाने लिहिला. तेव्हा बैठकीत एक ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमचा मेसेज येतो नऊला. आमची फवारणी सातलाच उरकते." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर लॉजिक मॉडेल शिकलो, म्हणजे कामापासून परिणामापर्यंतची साखळी कागदावर मांडायची पद्धत. अमेरिकेतल्या केलॉग फाउंडेशनच्या मार्गदर्शिकेने ही पद्धत स्वयंसेवी संस्थांत रुळवली. कागदावर पाच रकाने: साधनं, कामं, कामातून हाती आलेलं, लोकांच्या वागण्यात पडलेला फरक, आणि दूरचा परिणाम. आमच्या नोंदी, आमचे मेसेज तिसऱ्या रकान्यातच संपत होते. चौथा आम्ही कधी मोजलाच नव्हता.

मग कागद शेवटाकडून भरला. मालात औषधांचा अंश कमी हवा. त्यासाठी विनाकारण फवारणी टळायला हवी. ती टळायची तर अंदाज आदल्या रात्रीच हातात पडला पाहिजे. म्हणून आता मेसेज रात्री आठला जातो, दोनच ओळींचा. शिवाय प्रत्येकाच्या फवारणीच्या वहीत एक खूण असते: मेसेज पाहून बेत बदलला का? मागच्या हंगामाच्या वह्याही आधीच गोळा केल्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

रकान्यांखाली गृहीतकंही लिहायची असतात, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारं ग्रेपनेट 2006 पासून चालू होतं, प्लॉटनिहाय नोंदी होत्या. तरी 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. यादी पूर्ण आहे हे सगळ्यांनी धरून चाललं होतं.

यंदा त्याच ताईंनी वहीत स्वतःहून एक रकाना आखलाय: "मेसेज वेळेवर आला, पण ब्लोअर मिळाला नाही." परवापर्यंत त्यात चार खुणा झाल्या होत्या. येत्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.