काउंट पडलेले असताना

केमोनंतर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, पडलेल्या रुग्णाचा हा छातीचा एक्स-रे. जवळजवळ स्वच्छ. आणि ही त्याच दिवशीची सीटी: उजव्या फुप्फुसात गाठ, तिच्याभोवती धुरकट कडं. ॲस्परजिलस या बुरशीचा दाट संशय.

ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पहिल्या केमोत सायटाराबीन सात दिवस देतात, सोबत डॉनोरुबिसिन तीन दिवस. मग काउंट पडतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मायक्रोलिटरमागे 500 च्या, कधी 100 च्याही खाली जातात आणि दोन-तीन आठवडे वर येत नाहीत.

ॲस्परजिलसचे बीजाणू कुजक्या पाल्यात, ओल आलेल्या भिंतीत, बांधकामाच्या धुळीत असतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, त्यामुळे थेट वायुकोशांत पोचतात. ते रोज आपल्या सगळ्यांच्याच श्वासात जातात. न्यूट्रोफिल नसले की मात्र ते रुजतात. त्यांचे तंतू रक्तवाहिनीत घुसतात, वाहिनी तुंबते आणि फुप्फुसाचा तेवढा भाग मरतो.

पू करणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून कफही फारसा नसतो. बऱ्याचदा दिसतो तो फक्त ताप, चार दिवस अँटिबायोटिक देऊनही न उतरणारा. अशा वेळी एक्स-रेवर समाधान मानू नये. प्लेटलेट कमी असताना सुईनं तुकडा काढणं धोक्याचं, म्हणून गॅलेक्टोमॅनन, म्हणजे या बुरशीच्या भित्तिकेतला घटक, तपासतात, रक्तात किंवा दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन घेतलेल्या पाण्यात.

औषध बहुधा व्होरिकोनॅझोल, हे बुरशीविरोधी आहे. मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी शिरेतून किलोमागे 6 मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतरानं दोनदा; पुढे दर बारा तासांनी 4. एकाच डोसनं एकाच्या रक्तात औषध पुरेसं भरतं, दुसऱ्याच्या यकृतात ते झपाट्यानं संपतं. म्हणून पाचव्या दिवसाच्या सुमारास, पुढच्या डोसआधी पातळी मोजायची: ती लिटरमागे 1 ते 5.5 मिलिग्रॅम हवी. त्याहून जास्त झाली तर भास होऊ शकतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात व्हिनक्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असेल तर व्होरिकोनॅझोल टाळतात. दोन्ही मिळून मज्जातंतूंना गंभीर इजा होऊ शकते.

कडं उलटं दिसलं, म्हणजे बाहेर घट्ट आणि आत धुरकट, तर म्यूकर या दुसऱ्या बुरशीचा विचार करावा. स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढली असेल तर हा विचार आधी. गॅलेक्टोमॅनन त्याला पकडत नाही, व्होरिकोनॅझोल त्यावर चालत नाही. तिथे लायपोसोमल अँफोटेरिसिन हे दुसरं बुरशीविरोधी औषधच, रोज किलोमागे 5 मिलिग्रॅम किंवा अधिक.

उपचार बरोबर असले तरी पहिल्या आठवड्यात सीटीवरची गाठ बऱ्याचदा वाढते. तेवढ्यावरून घाईनं औषध बदलू नये. काउंट परतले की मेलेला भाग सुटू लागतो, गाठीत हवेची चंद्रकोर दिसते. नातेवाईक निर्धास्त होतात ते नेमके याच दिवसांत, आणि खोकल्यातून रक्त पडण्याचा धोकाही आत्ताच. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर सर्जनला आधीच दाखवून ठेवावं.

औषध किमान सहा ते बारा आठवडे चालतं. पुढची केमो द्यायची असेल तर ते सुरू ठेवूनच देतात.