कित्तूर, नरगुंद आणि दिलेला शब्द

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, जिथून ऐकत असाल तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

१ नोव्हेंबर जवळ आला की आपल्या सीमाभागात इतिहास अचानक चौकात येतो. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिवस, आणि मध्ये पुतळ्यांना पोलीस बंदोबस्त. २०२१ च्या डिसेंबरात बेंगळूरूला शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि त्याच दिवसांत इथे बेळगावच्या अनगोळला कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे लढवय्ये संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची. दोन्ही बातम्या ऐकताना मला एकाच गोष्टीची चीड आली. ज्यांनी हे केलं, त्यांनी रायण्णा कशासाठी फासावर गेला हे जाणून घ्यायची तसदी कधी घेतली नसावी. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

१८२४ साली कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्रसर्ज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. धारवाडचा कलेक्टर थॅकरे यानं ते दत्तकविधान मानलं नाही आणि खजिन्याला मोहोर लावली. आता मागचा हिशेब बघा. याच देसाईंनी १८१८ साली बेळगावचा किल्ला घेताना ईस्ट इंडिया कंपनीला मदत केली होती, आणि त्या बदल्यात संस्थान त्यांच्याकडेच राहील असं ठरलं होतं. सहा वर्षांत शब्द फिरला. लढाई पेटली आणि २३ ऑक्टोबरला थॅकरे कित्तुरात मारला गेला. देसाईंची सावत्र आई राणी चन्नम्मा पुढे कैदेत गेल्या आणि १८२९ मध्ये बैलहोंगलला वारल्या. त्याच दत्तक मुलाच्या नावानं रायण्णा लढत राहिला, आणि १८३१ साली त्याला आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली.

इथे मराठी श्रोत्यांनी एक कडू गोष्टही ऐकून घ्यावी. कित्तूरकर कंपनीकडे गेले ते उगीच नाही. दुसऱ्या बाजीरावानं कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंना पुण्यात अडकवून ठेवलं होतं. आपल्या माणसानं केलं म्हणून ते योग्य ठरत नाही.

पुढची गोष्ट नरगुंदची. भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे हा कानडी मुलखातला मराठी संस्थानिक. ग्रंथांचा मोठा षौकी, त्याचा संग्रह दक्षिण महाराष्ट्रात नावाजलेला. मुलगा गेला, दत्तकाची परवानगी मागितली, सरकारनं नाकारली. तेव्हा इनामी जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनचा वरवंटाही फिरत होता. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या जमिनीची सनद दाखवा, असा साहेबाचा हुकूम. घरातला कर्ता माणूस माळ्यावरून रुमाल काढतो, गाठ सोडतो, आणि आतला कागद कसरीनं खाल्लेला निघतो. शंभर वर्षांची वहिवाट सगळ्या गावाला ठाऊक, शेजारचा साक्ष द्यायला तयार, पण कागद नाही म्हणजे हक्क नाही. शेवटी बाबासाहेब उठले, आणि मे १८५८ मध्ये रामदुर्गजवळ सुरेबानला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मॅन्सन त्यांच्या माणसांकडून मारला गेला. १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना याच बेळगावात फाशी झाली.

कित्तूरची राणी लिंगायत, कानडी. नरगुंदचा राजा ब्राह्मण, मराठी. तक्रार मात्र एकच. या दोन्ही लढाया नवं जग उभारण्यासाठी नव्हत्या. घराण्याचा वारस घराण्यानं ठरवावा, करार पाळावा, वहिवाटीला हात लावू नये, एवढीच मागणी होती. मी जुन्या वळणाचा माणूस आहे आणि मला हे लढे त्याच अर्थानं आपले वाटतात. पाठ्यपुस्तकांनी त्यांना स्वातंत्र्याची पहिली ठिणगी म्हटलं, चळवळींनी त्यांच्यावर भाषेचं लेबल लावलं. त्या माणसांनी स्वतः काय मागितलं होतं, ते मात्र बाजूला राहिलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली घोषणा घालणं हा मी त्याचा अपमानच समजतो.

सरकार यातून शिकलं का? शिकलं. व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याची हमी आली आणि १८६२ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या. तो जाहीरनामा निघाला १ नोव्हेंबर १८५८ रोजी.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. वतनाच्या नावाखाली महार समाजाला गावकीच्या कामाला जुंपलं जात होतं, तीही वहिवाटच होती. ती मोडली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी, गादीवर बसून, कायदा करून. १९०२ साली निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या त्याही त्यांनीच. घर राखायचं तर कुजलेला वासा घरच्यानंच बदलावा. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांना शाहू महाराजांचं हे काम पेलत नाही, म्हणून ते फेटा बांधून मोकळे होतात.

आता आपल्याकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड सोडून, म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर मी निकाल देणार नाही. पण त्याच दिवशी राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली, हे फार थोड्यांना आठवतं. तिनं ३५०-अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्यानं प्रयत्न करावा. रेषा आणि हमी एकाच दिवशी आल्या. रेषा तेवढी कडक पाळायची आणि हमी विसरायची, हे मला थॅकरेच्या मोहोरेसारखंच वाटतं. आणि हाच नियम सोलापूर, अक्कलकोट, जत भागातल्या कानडी शाळांनाही लागू आहे, हे मी मुंबईतल्या सरकारलाही तितक्याच ठामपणे सांगेन.

आमची मागणी कोणाच्या उपकाराची नाही. म्हणून येत्या निवडणुकीत जो उमेदवार दारात येईल, मग तो महाराष्ट्र एकीकरण समितीचा असो की राष्ट्रीय पक्षाचा, त्याला आधी गावच्या मराठी शाळेत न्या. पट किती, शिक्षक किती, किती जागा रिकाम्या, ते हजेरीपुस्तक उघडून त्याच्यासमोर ठेवा. शिवरायांवर आणि चन्नम्मांवर त्यानं भाषण करायचंच असेल, तर ते त्यानंतर करू द्या.

नमस्कार.