यंत्राची वही : दुरुस्तीच्या दुकानासाठी सॉफ्टवेअर निवडताना

(दृश्य : म्हापसा, सकाळ. दुकानाचे शटर वर जाते. काउंटरवर उघडी पडलेली जाड वही.)

पडद्यावर दिसणारी ही वही म्हापशातील एका दुरुस्तीच्या दुकानाची आहे. पहिल्या रकान्यात तारीख, पुढे गिऱ्हाइकाचे नाव, गाव, वाडा आणि फोन, आणि शेवटच्या रुंद रकान्यात तक्रार : ‘पाणी गळते’, ‘कॉम्प्रेसर उठत नाही’, ‘फॅन आवाज करतो’. काम झाले की त्या ओळीवर तिरकी रेघ ओढली जाते. एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या या दुकानात मालक, पाच मेकॅनिक आणि हंगामापुरते वाढणारे दोन-तीन हेल्पर काम करतात. वहीच्या जोडीला व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आहे. त्यात पत्ते, फोटो आणि ‘पोहोचलो’, ‘झाले’ असे निरोप दिवसभर पडत राहतात.

ही पद्धत वर्षानुवर्षे चालली, कारण ती शिकवावी लागत नाही आणि तिच्यातील उणीव मालकाच्या स्मरणशक्तीने भरून काढली. उणीव अशी की वही तारखेने चालते, यंत्राने नव्हे. कळंगुटच्या एखाद्या गेस्ट हाउसमध्ये दहा एसी असतील, तर त्यांपैकी चौथ्या खोलीतल्या एसीत गेल्या डिसेंबरात गॅस कोणी भरला आणि त्या वेळी गळती शोधली होती का, याची नोंद वहीत कुठेतरी असते. पण ती शोधायला अर्धा दिवस जातो, म्हणून कोणी शोधत नाही.

(दृश्य : कांदोळी. गच्चीवरचे आउटडोअर युनिट उघडलेले. जेट पंपाच्या पाण्याबरोबर पांढरी पूड वाहते.)

हे दृश्य नीट पाहावे, कारण सॉफ्टवेअरची खरी गरज इथे आहे. मेकॅनिकने बोट लावताच कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या चुरा होऊन पडतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती जिथे एकमेकांना टेकतात तिथे ती खारट ओल साचली, की दोन वेगळ्या धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम आधी झिजते. कालांतराने नळीलाही सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात आणि गॅस कळत-नकळत निघून जातो. थंडावा कमी झाला म्हणून फोन येतो, मेकॅनिक गॅस भरतो, काही महिने बरे जातात आणि पुन्हा फोन येतो. तीन वेळा तीन वेगळे मेकॅनिक गेले, तर प्रत्येकाला ती पहिलीच तक्रार वाटते आणि गिऱ्हाइकाला मात्र दुकान फसवते आहे असे वाटते.

गॅसही आता एक राहिलेला नाही. जुन्या यंत्रांत आर-२२ आहे, मधल्या काळातील अनेक यंत्रांत आर-४१०ए, आणि अलीकडच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२. ओझोनच्या थराला घातक असलेल्या आर-२२चा वापर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने थांबवला जात आहे. आर-४१०एचा दाब त्याच्यापेक्षा बराच अधिक असतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. दुकानातून निघतानाच मेकॅनिकला समोरचे यंत्र कोणत्या गॅसवर चालते हे ठाऊक असावे लागते, नाहीतर चुकीचा सिलिंडर आणि चुकीचे गेज घेऊन तो वीस किलोमीटर जातो.

(दृश्य : दुकानातील संगणक. पडद्यावर रंगीत चौकटींचे वेळापत्रक.)

अशा कामांसाठी मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला बाजारात ‘फील्ड सर्व्हिस मॅनेजमेंट’ म्हणतात. तक्रार नोंदवणे, ती योग्य मेकॅनिककडे सोपवणे, त्याच्या फोनवर पत्ता आणि काम पोहोचवणे, जागेवर फोटो व गिऱ्हाइकाची सही घेणे, वापरलेले स्पेअर पार्ट साठ्यातून वजा करणे, बिल काढणे आणि वार्षिक देखभाल कराराच्या, म्हणजे एएमसीच्या, तारखा आधीच कळवणे, ही त्याची कामे. कॅनडातील एडमंटन येथे २०११ मध्ये सुरू झालेले जॉबर किंवा डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदले गेलेले सर्व्हिसटायटन यांची नावे या क्षेत्रात सतत येतात. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतील प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि एसीवाल्यांच्या कामकाजाभोवती बांधली गेली आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचे या कामासाठीचे स्वतंत्र उत्पादन आहे. बेल्जियमच्या ओडू या व्यवसाय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा विभाग पैसे देऊन घ्यावयाच्या आवृत्तीत येतो. मुंबईच्या फ्रॅपेने तयार केलेले ईआरपीनेक्स्ट हेही त्याच प्रकारचे, पण मुक्त स्रोत आहे आणि त्यात देखभालीचे वेळापत्रक, भेटीची नोंद व वॉरंटीचा दावा यांसाठी तयार तक्ते आहेत. मात्र त्याची आज्ञावली विनामूल्य असली तरी ते चालवण्यासाठी सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो.

विक्रेत्यांचे डेमो झाले. डेमोत प्रत्येक पत्ता सापडतो आणि प्रत्येक फोनला नेटवर्क असते. या मालकाने त्यावरून काही ठरवले नाही. प्रत्येक पर्यायाच्या मोफत चाचणीच्या मुदतीत त्यांनी दुकानातील खरी कामे घातली आणि फोन मेकॅनिकच्या हातात दिला. या संपूर्ण निवडीत आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

(दृश्य : आसगाव. व्हिलाच्या मागच्या भिंतीवर ओळीने आउटडोअर युनिट. केअरटेकर फाटक उघडतो.)

आसगावच्या या व्हिलाचा मालक दिल्लीत राहतो, दार उघडणारे केअरटेकर काका हळदोण्याचे आहेत, तक्रार भाड्याने उतरलेल्या पाहुण्याने केली आहे आणि बिल मुंबईतील एका कंपनीच्या नावाने हवे आहे. एकाच कामात चार माणसे, आणि भिंतीवर एकसारखी दिसणारी यंत्रे. चाचणीतील एका सॉफ्टवेअरमध्ये एका गिऱ्हाइकाला एकच पत्ता देता येत होता. ते इथेच बाद झाले. दुसऱ्यात एका गिऱ्हाइकाखाली अनेक जागा, जागेखाली खोल्या आणि खोलीखाली यंत्रे अशी मांडणी करता आली. मेकॅनिकने प्रत्येक युनिटवर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवले, अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढला आणि गॅसचा प्रकार, टनाची क्षमता व बसवल्याचे वर्ष भरले. पुढच्या वेळी येणारा मेकॅनिक कोड स्कॅन करील तेव्हा त्या यंत्राची सगळी हकीकत त्याच्यासमोर उघडेल. वहीला हे कधी जमले नव्हते.

(दृश्य : वाळपईच्या पुढचा रस्ता. काजूची झाडे. मेकॅनिकच्या फोनवर नेटवर्कच्या रेघा नाहीत.)

सत्तरी तालुक्यात शिरल्यावर अनेक ठिकाणी नेटवर्क जाते, पावसाळ्यात तर विजेबरोबर जाते. त्यामुळे ‘ऑफलाइन चालते’ या विक्रेत्याच्या वाक्याचा नेमका अर्थ तपासणे आवश्यक होते. दुकानातच फोन विमान-मोडवर टाकून एक पूर्ण काम करून पाहिले गेले : काम उघडणे, जुनी नोंद वाचणे, चार फोटो काढणे, कपॅसिटर बदलल्याची नोंद करणे, सही घेणे आणि काम बंद करणे. एका ॲपमध्ये काम उघडले, पण जुनी नोंद दिसेना, कारण ती फोनमध्ये आधी उतरलेलीच नव्हती. दुसऱ्यात सर्व काही झाले, मात्र नेटवर्क येण्यापूर्वी ॲप बंद केल्यावर फोटो नाहीसे झाले. पुढची चाचणी अधिक कठोर होती : मेकॅनिक नेटवर्कबाहेर असताना मालकाने दुकानातून त्याच कामाची वेळ बदलली. नेटवर्क परत आल्यावर दोन्ही बदल टिकतात की एक दुसऱ्याला पुसून टाकतो, हे पाहायचे होते. ज्या ॲपने दोन्ही नोंदी ठेवून विचारणा केली, त्याचे नाव मेकॅनिकांनी स्वतः फळ्यावर लिहिले.

(दृश्य : रायबंदर धक्का. फेरीबोटीवर चढणाऱ्या दुचाकी. मांडवीपलीकडे चोडण.)

पणजीतील काम आटोपून चोडणला जायचे तर फेरीबोट. वेळापत्रक आपोआप आखणारे सॉफ्टवेअर नदीवरचे अंतर मोजते, पण धक्क्यावरील रांग मोजत नाही, आणि पुढचे काम अकराला लावून मोकळे होते. म्हणून वेळा हाताने सरकवता येणे इथे आवश्यक आहे. पत्त्याचेही तेच. चोडणच्या घरांचा खरा पत्ता वाड्याच्या नावात आणि ‘कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) मागे, आंब्याखालचे घर’ अशा खुणेत असतो. नकाशावरील जागा एकदा मेकॅनिकने उभे राहून नोंदवली की ती गिऱ्हाइकाच्या नावाशी कायम जोडलेली राहावी आणि खुणेसाठी मोकळी जागा असावी, एवढे पुरते. गावांची नावे कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत. शोधताना दोन्ही सापडत नसतील तर एकच गिऱ्हाईक दोनदा नोंदले जाते, आणि तसे झालेही.

(दृश्य : दुकानातील फडताळ. कपॅसिटर, फॅन मोटर, पीसीबीचे (सर्किट बोर्डचे) खोके.)

ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा पडतात तेव्हा पीसीबी जळाल्याच्या तक्रारी एकदम वाढतात. कोणता पार्ट फडताळात आहे आणि कोणता कोणाच्या बॅगेत आहे, हे वेगवेगळे दिसले तरच पहिल्या भेटीत काम पुरे होते. ईआरपीनेक्स्ट या बाबतीत सोयीचे वाटले, कारण प्रत्येक मेकॅनिकची बॅग हे स्वतंत्र गोदाम म्हणून त्यात मांडता आले.

मेकॅनिकांचा एकच ठाम आक्षेप होता, तो जागा टिपणाऱ्या जीपीएसला. ‘कामावर असताना बघा, जेवायला घरी गेल्यावर कशाला?’ असे त्यांच्यातील सर्वांत ज्येष्ठ मेकॅनिकने विचारले, आणि तो प्रश्न रास्त आहे. काम सुरू केल्यावर चालू होणारी आणि काम बंद केल्यावर थांबणारी नोंद एवढीच ठेवावी असे ठरले. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा कायदा आहे. गिऱ्हाइकाच्या घराचे फोटो आणि मेकॅनिकच्या फिरण्याची नोंद, दोन्ही त्याच भानाने हाताळायला हवीत.

बिलाबाबत थोडक्यात सांगायचे तर, सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्या दुकानाला कर आकारता येत नाही. म्हणून कराची ओळ बंद करता येणारे सॉफ्टवेअर हवे. यूपीआयचा क्यूआर बिलावर छापला जायला हवा.

दर बहुतेक ठिकाणी वापरकर्त्यामागे दरमहा असतो. गोव्यात एसीचे काम ऑक्टोबर ते मे असे फुगते आणि पावसाळ्यात उतरते, त्यामुळे वर्षभरासाठी आठ जणांचे पैसे आधी भरणे म्हणजे चार महिने रिकाम्या खुर्च्यांचे भाडे देणे. दुकानाने महिन्याच्या हिशेबाने, पाच जणांसाठी, एक पर्याय घेतला. पहिल्या पावसाळ्यात वहीही सोबत चालू राहिली. एएमसीच्या चुकलेल्या तारखा कमी झाल्या आणि एक जुना हॉटेलवाला परत आला.

वर्षभराच्या करारासाठी मालकाने विक्रेत्याला लेखी विचारले आहे : सर्व यंत्रांची नोंद, फोटोंसह, साध्या तक्त्यात केव्हाही उतरवून घेता येईल का; वर्गणी थांबल्यावर माहिती किती दिवस राहील; दर वाढवण्यापूर्वी किती दिवस आधी कळवाल; आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत कोणी फोन उचलेल का. पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आले आहे. उरलेल्या दोन्हींचे उत्तर लेखी येईपर्यंत दुकान महिन्याच्या वर्गणीवरच राहणार आहे.