ज्वारीच्या बिअरआधी पाण्याचं बघू

पत्रिकेत ‘ज्वारीची बिअर’ असं छापलंय आणि मी तिथं येणारच आहे. पण आधी पाणी. बिअरमध्ये शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग पाणीच, आणि लोक विचारतात, हॉप्स कुठले वापरता? अहो, हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, पाकिटातून येतात; माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पोत्यातून. पाणी तेवढं ज्याच्या त्याच्या गावचं.

समोर निम्मे द्राक्षवाले दिसतायत, म्हणजे पीएच, पाण्याच्या आंबटपणाचं माप, काय ते सांगायला नको. फवारणीच्या टाकीत पट्टी बुडवल्याशिवाय तुम्ही औषध ओतत नाही. हा पीएच काढला 1909 साली सोरेनसेननं, कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. तासगावच्या बागेतली ती पट्टी मूळची बिअरच्या घरची! (हशा)

तर भरडलेला माल्ट 66-67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की स्टार्चची साखर होते. या घाट्याचा पीएच 5.2 ते 5.5 हवा. आता भांड्याला पांढरा थर धरणारं बोअरचं पाणी घ्या. त्यात बायकार्बोनेट, म्हणजे आंबटपणा मारणारा क्षार, भरपूर. घाटा 5.8 च्या वर जातो, साखर कमी उतरते, सालींतलं टॅनिन सुटतं आणि बिअर फार उकळलेल्या चहासारखी जिभेला धरते. मग शिव्या कुणाला? बिअर आंबवणाऱ्या यीस्टला. ते बिचारं तेव्हा पाकिटातच असतं.

पाणी पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर ठेवा, वरचं निवळ तेवढं घ्या. नाहीतर 88 टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड: 100 लिटरला साधारण 17 मिली घातलं की क्षारता लिटरमागे 100 मिलिग्रॅमनं उतरते. ‘आरओ लावला की झालं’ म्हणणारेही आहेत. त्यात कॅल्शियमही जातं हो! मग 100 लिटरला 20 ग्रॅम जिप्सम घाला, खाण्याच्या प्रतीचं. शेतातल्या पोत्यातलं नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी 75 लिटरला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. विसरलात तर ग्लासातून दवाखान्याचा वास.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, ज्वारी.

बार्लीचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांत फुलतो, ज्वारीचा साधारण 68 ते 78 ला. भरडा थेट घाट्यात टाकला तर कच्चा राहतो. म्हणून कण्या करतो तसा अर्धा तास वेगळा शिजवा. घट्ट होऊन तळाला लागू नये म्हणून त्यात दहावा हिस्सा बार्ली माल्ट सुरुवातीलाच घाला. निववून मगच उरलेल्या माल्टात मिसळा. सुरुवातीला ज्वारी एकूण धान्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढं नेऊ नका. ज्वारीला बार्लीसारखी साल नाही, गाळताना चिखल बसतो. 3 ते 5 टक्के भाताचा तूस धुऊन घाला. ज्वारीचाच माल्ट करणार असाल तर वाळल्यावर मोड आणि मुळ्या चोळून काढाच. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागतं, ते विष मोडातही असतं.

परवाना? 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरीसुद्धा नाही. आणि हो, त्या कण्या शिजवायलाही निवळलेलंच पाणी घ्या.