चहा उकळेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी साडेसहाला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी चहाचं आधण चढतं आणि त्याच सुमारास फोनवर ताईचा आवाज येतो. ताई पुण्याला असते. रोज एक जुनी कविता वाचून ती व्हॉट्सॲपवर धाडते. दोन मिनिटं, फार तर तीन. 'आज आपण ऐकणार आहोत' वगैरे काही नाही. कवीचं नाव घेतलं की लगेच पहिली ओळ. आलं किसून, चहा उकळून, गाळून होईस्तोवर कविता संपलेली असते.

पुण्यातल्या कुणाला यात विशेष वाटणार नाही. पण आपण ग्वाल्हेरची माणसं घरात मराठी बोलतो आणि शाळेत हिंदी शिकतो. लिपी एकच, त्यामुळे मराठी वाचता येणारच असं सगळ्यांना वाटतं. येतं, पण अडखळत. माझ्या नातीसमोर छापील श्लोक ठेवला तर ती गणिताचा पेपर बघावा तसा बघते. तोच श्लोक कानावर पडला की मात्र मान डोलायला लागते. यात नवल नाही. आपली जुनी कविता कानासाठीच झालेली. ओवी जात्यावर म्हटली गेली, अभंग टाळांवर, आर्या कीर्तनात. कागदावर ती नुसती झोपलेली असते.

समर्थांच्या करुणाष्टकातली ओळ घ्या: 'अनुदिनि अनुतापें तापलों रामराया'. लहानपणी दिवेलागणीला घोकलेली. पण ताईनं ती सावकाश वाचली तेव्हा पहिल्यांदा कळलं, की सुरुवातीची सहा अक्षरं सगळी ऱ्हस्व आहेत. अ-नु-दि-नि-अ-नु, अशी धापा टाकत येतात, आणि 'तापें'वर पाऊल जड होतं, श्वास थांबतो. मालिनी वृत्तात आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, असतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात असतंच. माझ्यापुरतं सांगायचं तर तो मला गॅसपाशी भेटला.

मोरोपंत तर अवघड म्हणून बदनामच. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ, आणि शब्द असे की निम्म्यांना संस्कृतचा कोश लागावा. पण 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो' एवढं म्हणून बघा. आधी आठ अक्षरं, मग नऊ. आणि पंत मागताहेत काय, तर चांगल्या माणसांचे शब्द कानी पडोत! डोळ्यांचं नाव नाही. रेडिओवर बोलणाऱ्याला याहून सोयीची प्रार्थना कुठली मिळणार?

आता आपले तांबे. आपलेच म्हणायचं, कारण भास्कर रामचंद्र तांबे १८७३ साली मुगावलीत जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली इथेच गेले. त्यांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. त्यांच्या कवितांची गाणी इतकी सुरेख झाली, की आपल्याला चाल आठवते आणि शब्द चालीमागे लपून बसतात. 'जन पळभर म्हणतिल हाय हाय' मी जन्मभर गुणगुणले. परवा ताईनं ती नुसती वाचली, बोलल्यासारखी. 'सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामी लागतिल; उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल'. मी गाळणं हातात धरून उभी. 'हसतिल'वर भागलं असतं की! पण तांब्यांनी 'खिदळतिल' घातलं. गेलेल्याच्या माघारी लोक नुसते हसत नाहीत, खिदळतात. हा शब्द गाण्यात मला कधी टोचला नव्हता.

हीच कविता कुणीतरी दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणात पाठवली होती. मागे बासरी, मध्येच पावसाचा आवाज, आणि वाचणारे गृहस्थ हुंदके देत होते. अहो, लोक पळभरच रडतील असं कवी सांगतोय, आणि तुम्ही पाच मिनिटं रडताय! मी ते निम्म्यावर बंद केलं. वाचणाऱ्यानं शब्द नीट उच्चारावे, यती पाळावा आणि बाजूला व्हावं, एवढंच माझं मागणं.

आणखी एक. रोज नवी कविता हवीच असं नाही. मी ताईला सांगून टाकलंय, एकच कविता चार दिवस पाठवत जा. पहिल्या दिवशी नाद कळतो, दुसऱ्या दिवशी एखादा शब्द अडतो. 'मावळत्या दिनकरा, अर्घ्य तुज जोडुनि दोन्ही करा' ऐकून नात म्हणाली, "आजी, दोन्ही करा म्हणजे काय काय करायचं?" मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दूध पिता पिता तीच ओरडली, "कर यानी हाथ! दोन्ही हात जोडून!" तिची मराठी ही अशी, अर्धी इथल्या बाड्यावरच्या बाजारातली हिंदी. चालायचंच.

काल ती शाळेला निघाली होती. पाठीवर दप्तर, बुटाची नाडी सुटलेली. जिना उतरताना एकेका पायरीवर एकेक शब्द टाकत चालली होती: उठतिल, बसतिल, हसुनि, आणि शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उडी मारून, खिदळतिल!

नमस्कार.