कपाटाची किल्ली मे महिन्यात कुठे असते?

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात पालक आणि कार्यकारिणीसमोर एप्रिलमध्ये केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. समोर पालक जास्त दिसतायत आणि मुलं कमी, बरंच झालं, कारण मला जे बोलायचंय ते मुलांशी नाहीच, तुमच्याशी आणि या कार्यकारिणीशी बोलायचंय. मुलांना "वाचा रे, वाचा" सांगणारे भरपूर आहेत. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो तेव्हा तर गावातला प्रत्येक जण सांगतो. पण मे महिन्यात, जेव्हा पोरांकडे खरोखर वेळ असतो, तेव्हा ती पुस्तकापर्यंत पोचणार कशी हे कोणीच बघत नाही, आणि त्याच वेळी आपली बालविभागाची कपाटं कुलूपबंद असतात.

आधी थोडं जुनं सांगतो, कंटाळू नका. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरं शाळेत आली, अक्षरं शिकली, आणि शाळा सुटल्यावर काय? घरात पुस्तक नाही, गावात पुस्तक नाही, चार वर्षांत शिकलेलं सगळं पुसलं जाणार. मग महाराज अमेरिकेत गेले होते तेव्हा तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघून आले, 1910 मध्ये बोर्डन नावाचा तिथला ग्रंथपाल बडोद्यात आणला, शहरात मोठं मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांसाठी वेगळी खोली, गावोगावी छोटी वाचनालयं, आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायच्या, वाचून झाल्या की परत मागवायच्या, दुसऱ्या गावाला द्यायच्या. म्हणजे वाचायला शिकवणं हे शाळेचं काम, पण शिकलेलं टिकवणं हे ग्रंथालयाचं, इतका सरळ हिशेब होता.

आता हाच हिशेब आपल्या सुट्टीला लावा. दुसरीतलं पोर आत्ताआत्ता कुठे जोडाक्षरं न अडखळता वाचायला लागलंय, आणि आपण त्याला दीड महिना, विदर्भात तर त्याहून जास्त, असं सोडून देतो की ज्यात त्याच्या डोळ्यांसमोर दुकानाची पाटी आणि चिप्सचं पाकीट याशिवाय छापील अक्षर येत नाही. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत ते तरतं. ज्याच्या घरी नाहीत ते जूनमध्ये शाळेत येतं तेव्हा मागे गेलेलं असतं आणि बाई म्हणतात याचं लक्षच नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास केला, 2010 मध्ये तो छापून आला. गरीब वस्तीतल्या शाळांमधल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बारा-बारा पुस्तकं दिली, फुकट, आणि सलग तीन उन्हाळे दिली. शिकवणी नाही, वही नाही, परीक्षा नाही, नुसती पुस्तकं. तीन वर्षांनी ही मुलं वाचनात इतर मुलांच्या पुढे होती, आणि फायदा जवळपास तेवढाच, जेवढा सुट्टीत वेगळे वर्ग भरवून होतो. पण त्यातली खरी गोम अशी की पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती. आणि निवडली काय, तर बऱ्याच जणांनी टीव्हीवरच्या गायक-नटांची पुस्तकं! आपल्या कार्यकारिणीने ती यादी बघितली असती तर विषय तिथेच तहकूब झाला असता.

हसू नका, खरं सांगतोय. एका वाचनालयात बघितलेलं सांगतो, गावाचं नाव नको. चौथीतली असेल, एक मुलगी वडिलांचं कार्ड घेऊन देवघेवीच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, सापाचं पुस्तक द्या. टेबलामागच्या गृहस्थांनी खुर्चीवरून न उठता हात मागे केला आणि थोर पुरुषांच्या बालपणावरचं एक पातळ पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, "हे वाच, सापाचं काय वाचायचं." आता सापाचं पुस्तक त्यांच्या बरोबर पाठीमागे होतं, काचेच्या कपाटात, मुखपृष्ठावर फणा काढलेला नाग, आणि ती पोरगी त्यांच्या खांद्यावरून तिकडेच बघत होती. रजिस्टरमध्ये सही केली, पुस्तक घेतलं, गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. "वाचलंस?" "हो." तिने ते उघडलंसुद्धा नसणार हे त्यांनाही कळलं, मलाही कळलं. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता हो, उलट फार चांगला होता, पोरांवर संस्कार व्हावेत वगैरे, पण त्या हेतूपायी एक वाचक गेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सुट्टीत बालविभागाची कपाटं उघडी ठेवा आणि मुलांना हात घालू द्या. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, आणि हे वाक्य आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फ्रेम करून लावलेलं असतं, नेमकं कुलूप लावलेल्या कपाटाच्या वर. भिलारला गेलाय का कोणी? पाचगणीजवळचं, स्ट्रॉबेरीचं. 4 मे 2017 ला तिथे पुस्तकांचं गाव सुरू झालं, लोकांच्या राहत्या घरांत, पडवीत पुस्तकं मांडली आहेत, कोणीही जावं, बसून वाचावं. लोक आपलं घर उघडं ठेवू शकतात तर आपल्याला एक कपाट जमत नाही?

मला माहितीय पुढचा प्रश्न काय येणार. पुस्तकं गहाळ होतील. होतील ना! फाटतील, आंब्याचे डाग पडतील, एखादं नदीवर जाईल. इथे कार्यकारिणीची अडचण मी समजू शकतो, आपली ग्रंथालयं 1967 च्या कायद्याखाली मान्यता घेऊन अनुदानावर चालतात, तपासणी असते, दाखल रजिस्टर आणि कपाटातली पुस्तकं जुळावी लागतात, सेवकाच्या पगाराची आधीच बोंब, त्यात पुस्तक हरवलं तर बिचारा ग्रंथपाल घाबरणारच. त्याला घाबरवू नका. हरवलेलं, फाटलेलं पुस्तक रीतसर ठराव करून बाद करता येतं, आणि मुलांची पुस्तकं मुळात स्वस्त असतात, नॅशनल बुक ट्रस्टची घ्या, किशोर मासिकाचे जुने अंक घ्या. शिकागोसारख्या शहराने 2019 मध्ये उशिराचा दंडच काढून टाकला, कारण दंडाच्या भीतीने माणसं, आणि गरिबांची पोरं आधी, ग्रंथालयात यायचीच बंद होतात.

दुसरं, अनामत. दहा वर्षांचं पोर अनामत कुठून आणणार? मे-जूनपुरतं बालसभासदाला अनामत माफ, पालकाची सही आणि फोन नंबर पुरे. आणि पाहुण्या मुलांचं काय? ही गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही, म्हणजे आपल्या गावातली निम्मी पोरं सुट्टीत आत्याकडे, आजीकडे गेलेली, आणि पुण्या-मुंबईची तेवढीच पोरं इथे मामाकडे आलेली, दुपारी कंटाळून मोबाईलवर लोळतायत, आणि आपण त्यांना सांगतो की तू इथला रहिवासी नाहीस. मामाच्या कार्डावर द्या की! मामाला जबाबदार धरा, मामा असतो कशाला.

तिसरं म्हणजे वेळ. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ, बहुतेक वाचनालयांचं असंच काहीतरी. मे महिन्यात पोरं सकाळी क्रिकेट खेळतात आणि संध्याकाळीही क्रिकेटच खेळतात. रिकामी असतात दुपारी, बारा ते चार, उन्हात बाहेर सोडत नाहीत म्हणून, आणि आपण नेमके तेव्हा बंद. दुपारी हा हॉल उघडा, पंखा लावा, माठ भरून ठेवा, सतरंजी टाका. पहिले दोन दिवस ती फक्त थंड पाणी प्यायला येतील. येऊ दे.

ब्रिटनमध्ये 1999 पासून सार्वजनिक ग्रंथालयं उन्हाळ्याच्या सुट्टीत एक उपक्रम चालवतात, चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी. सुट्टीभरात साधारण सहा पुस्तकं वाचायची, कुठलीही, कॉमिक्स चालतील, विनोदांची चालतील. पुस्तक परत आणलं की स्टिकर, शेवटी प्रमाणपत्र. मला त्यात आवडतं ते हे की सहा हा आकडा लहान आहे. आपल्याकडे असं काही सुरू केलं की लगेच शंभर पुस्तकांचा संकल्प, मग पहिला नंबर, दुसरा नंबर, आमदारांच्या हस्ते बक्षीस, आणि ज्याने दोनच पुस्तकं वाचली पण मनापासून वाचली ते पोर मागच्या रांगेत खाली मान घालून बसणार. नंबर काढू नका. निबंध स्पर्धा तर अजिबात नको.

पालकांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. पुस्तक घरी आलं की त्याचं तात्पर्य विचारू नका. "यातून काय शिकलास" हा प्रश्न विचारला की पुढचं पुस्तक घरी येत नाही, अनुभव घेऊन बघा. विचारायचंच असेल तर विचारा, मजा आली का, आणि नाही म्हणाला तर अर्धवट सोडू द्या, आपण सिनेमा सोडून उठतोच की. मोठ्या मुलीला धाकट्या भावाला वाचून दाखवायला सांगा, ती त्याला चित्रं दाखवत, मधलं गाळत, स्वतःचं काहीतरी घुसडत वाचेल, वाचू दे, तिचं वाचन त्यातच पक्कं होतं. आणि वाचता न येणाऱ्या आजीला वाचून दाखवायचं काम नातवाला दिलंत तर दोघांचंही भलं होईल.

बाकी दुपारी बसायचं कोणी, हा राहिला प्रश्न. सेवकावर टाकू नका, त्यांचे तास आधीच भरलेत. कॉलेजची मुलं परीक्षा संपून घरी आलीत, निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना आठवड्यातून एखादी दुपार जमेल त्यांनी आत्ता जाताना खाली काउंटरवर नाव आणि वार लिहून जा. आणि अध्यक्षसाहेब, तो कोपऱ्यातला पंखा गरगर आवाज करतोय, तो तेवढा 1 मेच्या आत बघून घ्या.