भोक पाडायचं नाही

(दृश्य: पत्र्याची शेड. जुन्या ट्रकच्या बॉनेटवर पॉलिश पेपर घासणारा हात.)

वर निळा. खाली हिरवा. त्याखाली पुन्हा निळा, मग विटकरी. तळहाताएवढ्या जागेत चार रंग निघाले. केबिनच्या कपाळपट्टीवर मात्र रंगाखाली अक्षरं सापडली, 'पब्लिक कॅरिअर'. 1939च्या मोटार कायद्यात भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला या नावाचं परमिट लागायचं. 1988चा कायदा आला आणि तो प्रकार संपला. पेंटर म्हणाला, "लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट करतो." म्हटलं, तिथे हात लावू नका.

गाडी 1964ची, लांब नाकाची टाटा मर्सिडीज. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात हे ट्रक बनू लागले. 1969ला करार संपला. मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला, वर्तुळात टाटांचा 'टी' आला. आमच्या गाडीवर यातलं काहीच नाही. तारा कुणीतरी कधीच काढून नेलाय, जाळीवर दोन नटांच्या खुणा तेवढ्या आहेत.

कोल्हापूरजवळ आमच्या घरामागे ही शेड आहे. गाडी आणली तेव्हा माल भरायच्या हौद्यात कडबा होता आणि मागचा फाळका तारेने बांधलेला. चाकांवरचे कमानपाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट झालेले, त्यांना पुन्हा बाक देऊन घेतला. इंजिन जाम. रॉकेल आणि ऑइल ओतून आठवडाभर ठेवलं, तरी हलेना. हेड उतरवलं तर चौथ्या सिलिंडरमध्ये पाणी उतरून पिस्टन गंजाने धरलेला. बोअर आणि क्रँकचं काम कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात, करून घेतलं. इंजिन बांधलं मात्र इथेच, मोडक्या दाराच्या फळीवर.

मिस्त्री पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते, "मालक, हे ठेवा बाजूला. 697 टाका."

697 म्हणजे नंतरच्या टाटा ट्रकांमधलं 5.7 लिटरचं इंजिन. आमचं जेमतेम 4.6 लिटरचं. 697ला ताकद जास्त, आणि सामान कुठल्याही जुन्या बाजारात मिळतं. त्यांचं चूक नव्हतं. पॉवर स्टेअरिंगचाही त्यांचा आग्रह होता. मी एकच अट घातली. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, नवं भोक पडता कामा नये. जे क्लॅम्पवर बसेल आणि उद्या पान्याने निघेल, तेवढाच बदल. इंडिकेटर बसले, पंखा बसला, सीटला फोम आला. 697 आणि पॉवर स्टेअरिंग बाहेर राहिले.

थोडी कायद्याचीही भीती होती. 1988च्या कायद्यात कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालत नाही. 2019 साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. विंटेज, म्हणजे जपलेल्या जुन्या गाड्यांचे, नियम 2021मध्ये आले, पण ते पन्नास वर्षांवरच्या दुचाकींना आणि मोटारींना. मालट्रक त्यात बसत नाही. ज्याने जन्मभर ओझं वाहिलं त्याला वारसा नाही, असं काहीसं. असो.

(दृश्य: डॅशबोर्ड. छोट्या जाळीआड तारेचं वेटोळं.)

ही तार बघा. हे इंजिन थंड असताना सुरू करायचं तर आधी हीटर द्यावा लागतो. सहा सिलिंडरना सहा हीटर प्लग, सगळे एकामागे एक जोडलेले, आणि त्याच ओळीत डॅशबोर्डवरची ही तार. ती लाल झाली की समजायचं, प्लग तापले. गणपतीतल्या जुन्या माळेसारखं. एक गेला की सगळी ओळ बंद. दोन दिवस तार लालच होईना. बॅटरी बदलली, वायरिंग तपासलं. शेवटी पाचवा प्लग मेलेला निघाला.

मग डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायची. मिस्त्री हातपंप मारतायत, मी स्क्रू सैल करून बसलोय. फेस येतो, बुडबुडे येतात, फुरफुर होते. मग अचानक सलग, काचेसारखी धार. "आवळा!"

हीटर दिला. तार आधी काळपट, मग जांभळी, मग निखाऱ्यासारखी लाल. सेल्फ मारला. दोनदा ढेकर दिल्यासारखा आवाज, पांढरा धूर, आणि मग सहाही सिलिंडर लागले. पत्रे थरथरायला लागले. शेजारच्या काकूंनी दोरीवरची धुणी काढून घेतली.

गाडी बाहेर काढायला मिस्त्रीच बसले. दारातून डावीकडे वळायचं होतं. दोन्ही पंजे स्टेअरिंगवर, पाय फुटबोर्डाला रेटलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. अर्ध्या वळणात थांबले, खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघितलं.

"दोन भोकं, मालक. फक्त दोनच लागली असती."